‘नाही’ न म्हणणारे मास्तर

मास्तरांना कुणी ‘साखर संपली का?’ असं विचारलं, तर ते ‘हो’ म्हणत नसत, आणि ‘नाही’ तर मुळीच म्हणत नसत. ‘सकाळी सातला डब्यात चार चमचे होती,’ असं म्हणून ते उठत, डबा उघडून आत बघत आणि मग उत्तर देत. डबा शेजारच्या टेबलावर असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण आमचा चहा नर्सबाईंच्या खोलीत व्हायचा आणि ती खोली दवाखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर ते अनवाणी चालत जाऊन येत, आणि आपण रिकामी कपबशी हातात धरून बसायचं. ‘मोठे डॉक्टर आहेत का?’ ‘साडेनवाला होते.’ ‘तुमच्याकडे आज नळाला पाणी आलं?’ ‘मी निघालो तोवर आलेलं नव्हतं.’ हा मनुष्य ‘मी घरी आलो’ असंसुद्धा बायकोला आधी उंबरठ्याकडे नीट बघूनच सांगत असणार, अशी माझी वर्षभरात खात्री पटली होती.

सत्तरनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. गावोगाव दुष्काळी कामं सुरू होती. नगरमधल्या एका मोठ्या दवाखान्यात, जुन्या केसपेपरच्या खिडकीवर, मी कारकून म्हणून लागले होते. वय बावीस, टायपिंगची परीक्षा पास, आणि आपल्याइतकं भराभर काम अख्ख्या जिल्ह्यात कुणाला जमत नाही अशी पक्की समजूत. मास्तर आमच्या खात्याचे मुख्य. खातं म्हणजे ते, मी आणि वॉर्डबॉय सखाराम. सखारामला दोन नातवंडं झाली होती, तरी हुद्दा वॉर्डबॉयचाच. मास्तर मूळचे राहात्याकडचे, तिकडं शाळेत शिकवायचे. पुढे घसा कायमचा बसला, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाईना, तेव्हा त्यांनी शाळा सोडली आणि जिथं मोठ्यानं बोलावं लागत नाही असं काम शोधलं. ते सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. मला, सखारामला, आणि कागदांच्या गठ्ठ्यावर येऊन झोपणाऱ्या मांजरालाही. ‘तुम्ही जरा पलीकडे सरका,’ असं ते मांजराला सांगत, आणि मांजर सरकेपर्यंत उभे राहत.

जुने केसपेपर खिडकीमागच्या लांबलचक खोलीत असत. लाकडी मांडण्या, त्यावर नंबरवार बांधलेले गठ्ठे. त्या खोलीत पायताण घालून जायला बंदी होती. धुळीमुळे असेल असं मी धरून चालले होते. एकदा विचारलंच, तर म्हणाले, ‘पायात चपला असल्या की माणूस लवकर परत निघतो.’ मी चपला काढल्या आणि आत गेले.

त्यांच्याशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही, कारण मला रांग दिसायची आणि त्यांना मांडणी. खिडकीवर एखादी बाई आली, तिनं नाव-गाव सांगितलं, की मास्तरांच्या पद्धतीप्रमाणे आत जायचं, नंबराचा गठ्ठा काढायचा, सोडायचा, कागद बघायचा, गठ्ठा पुन्हा बांधायचा. तोवर रांग फाटकाच्या बाहेर. मी यावर तोड काढली. हाताशी एक वही ठेवली. क, ख, ग अशी पानं पाडली, आणि हल्ली ज्यांचे कागद मागितले गेले त्यांची नावं आपापल्या पानावर लिहिली. कागद फळीवर असला तर नावापुढे गठ्ठ्याचा नंबर. नसला, म्हणजे वॉर्डात गेलेला असला किंवा शोधून मिळाला नसला, तर नावापुढे फुली. पुन्हा कुणी तेच नाव घेतलं की आत जायची गरजच नाही. फुली दिसली की ‘नाही. नवीन पेपर काढा. पुढचा कोण?’ रांग अशी सरकायला लागली की मोठे डॉक्टर स्वतः येऊन खिडकीपाशी उभे राहिले आणि ‘वा’ म्हणून गेले. मास्तरांनी वही हातात घेतली, चाळली, आणि विचारलं, ‘ही फुली कधीची?’

‘मार्चमधली असेल.’

‘मग ती मार्चमध्ये खरी होती,’ ते म्हणाले आणि वही परत दिली. असा राग आला होता मला.

राग यायला आणखी एक कारण होतं. रोज एक वाजता खिडकी बंद झाली की मास्तर डबा न उघडता माझी वही घेत. सकाळपासून मी ज्यांना ज्यांना ‘नाही’ म्हटलं त्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहीत, आणि एकेक कागद पुन्हा स्वतः शोधून येत. माझ्यावर इतका अविश्वास तर माझ्या आईनंही दाखवला नव्हता.

पण पाथर्डीकडचा एक खोकल्याचा पेशंट निघाला, आणि मास्तरांना कारण मिळालं. त्याच्या नावाचे तीन केसपेपर निघाले होते. तिन्हीवर तीच छाती, तोच खोकला, आणि प्रत्येक डॉक्टरला वाटलेलं की हा आज पहिल्यांदाच आलाय. वहीत त्याच्या नावापुढे माझी ठसठशीत फुली होती, आणि त्याचा पहिला कागद फळीवर आपल्या जागी शहाण्यासारखा बसला होता. त्या माणसाला मी दोनदा ‘नाही’ म्हटलं होतं. तो बिचारा खिडकीशी येऊन म्हणाला, ‘बाई, मी हितं आलो हुतो व्हय, का सपान पडलं मला?’

मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत. ते चार दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि कागद कसा जातो, कसा येतो, ते बघत राहिले. मग एका कागदाच्या पाठीमागे त्यांनी मला चित्र काढून समजावलं. वॉर्डातला कागद सखाराम परत आणतो आणि फळीवर ठेवतो. पण वहीतली फुली तशीच राहते, कारण सखाराम लिहीत नाही आणि मला कळत नाही.

‘मग सखारामनं आधी मला सांगावं,’ मी म्हटलं. ‘मी फुली खोडते, मग त्यानं ठेवावा.’

‘तुम्ही खोडलीत. सखाराम अजून वाटेत आहेत. तेवढ्यात त्या कागदाचा धनी आला. तुम्ही आत जाऊन बघितलंत. कागद तिथं?’

‘नाही.’

‘म्हणजे तुम्ही नवी फुली मारलीत.’

‘बरं, मग आधी ठेवू दे. मग मी खोडते.’

‘ठेवला. तुमच्याकडे यायला त्यांना चार मिनिटं. तेवढ्यात धनी आला, तुम्ही फुली वाचून परत पाठवलात.’

आधी खोडा नाहीतर मागून खोडा, मध्ये फट राहतेच, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. मास्तरांनी खिशातून कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा काढला. घरून आणला होता, बायकोला सांगून की न सांगता, देव जाणे. सखाराम ज्यांचे कागद घेऊन येईल त्यांच्या पानांना आधी चिमटे लावायचे. चिमटा लागलेलं पान कुणी वाचायचं नाही, कुणी लिहायचं नाही. त्या पानाचा माणूस आला तर त्याला बाकावर बसवायचं. सखारामनं कागद ठेवून परत यायचं, मी फुली खोडायची, मग चिमटा काढायचा. झालं.

‘आनि मानूस किती येळ बशील?’ सखारामनं विचारलं.

‘बसेल तेवढा,’ मास्तर म्हणाले.

पद्धत चालली. मला मान्य करायला जड गेलं, पण चालली. दोन महिने एकही खोटी फुली निघाली नाही. मग मास्तर एका सोमवारी रजेवर गेले, पुतणीचं लग्न होतं राहात्याला, आणि त्याच दिवशी अख्खा जिल्हा आमच्या खिडकीवर लोटला. सखारामनं डॉक्टरबाईंकडून मोठा गठ्ठा आणला, कसल्याशा अहवालासाठी त्यांनी ऑपरेशननं बाळंत झालेल्या बायकांचे जुने पेपर मागवले होते. त्यानं चिमटे लावले आणि तो आत गेला. तेवढ्यात एक करडा गृहस्थ खिडकीच्या गजांवर हात आपटायला लागला. त्याचं नाव क वरून, आणि क च्या पानाला चिमटा. मी त्याला म्हटलं, बसा. तो बसेना. मागून आणखी चौघं ओरडू लागली. मी चिमटा काढला, त्याचा नंबर बघितला, त्याला वाटेला लावलं, आणि पुढच्या माणसाकडे वळले. चिमटा टेबलावरच राहिला. सखाराम आला, त्यानं क च्या पानाला चिमटा नाही असं बघितलं, बाईंनी खोडलेलं दिसतंय असं समजला, आणि चहा प्यायला गेला. पुढे मला त्याची आठवणही राहिली नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी खर्ड्याकडच्या एका वस्तीवरची सासू आणि सून खिडकीवर आल्या. सुनेचं नाव कौसा. नववा महिना, चेहरा सुजलेला, एक हात कमरेवर. म्हातारीच्या काखेत हिरव्या लुगड्याचं गाठोडं. म्हातारी म्हणाली, ‘मागल्या टायमाला हितंच पोट चिरून पोरगं काढलं हुतं. आमच्या पोराला सांगितलं हुतं, फुडल्या टायमाला हितंच आना. त्यो कामावर हाय, म्हनून मी घिऊन आले. कागद बगा.’ मी वही उघडली. कौसापुढे फुली. मी म्हटलं, ‘नाही.’

‘न्हाई?’

‘नाही म्हटलं ना. नवीन पेपर काढा आणि पलीकडच्या रांगेत उभ्या राहा.’

म्हातारी सुनेचा दंड धरून बाजूला झाली. मी पुढच्याला हाक मारली.

एक वाजता मास्तर नेहमीप्रमाणे चिठ्ठी घेऊन आत गेले. दहा मिनिटांनी आले ते हातात कागद घेऊन, आणि त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. कौसाचा होता. खाली डॉक्टरबाईंनी लाल शाईत इंग्रजीत लिहून ठेवलं होतं की गर्भपिशवीवरचा टाका उभा आहे, पुढच्या खेपेला कळा येऊ देऊ नयेत, पिशवी फाटेल, आधीच भरती करून ऑपरेशन करावं. ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

‘नवीन पेपर काढला का त्यांनी?’ मास्तरांनी विचारलं.

मी नव्या पेपरच्या खिडकीवर धावले. तिथं कौसा नावाची कुणी आलीच नव्हती. बाकांवर नव्हती, बाळंतिणींच्या वॉर्डात नव्हती. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, ‘हिरवं गाठोडं? त्या तर कवाच स्टँडकडं गेल्या. जामखेडची गाडी कदी हाय, म्हनून इचारत हुत्या.’

मास्तर तसेच निघाले. अनवाणी, भर उन्हात, डांबर मऊ झालेलं. कामाच्या वेळात ते फाटकाबाहेर पडलेले मी पहिल्यांदाच बघितले. मी मागे धावले, कारण त्या बायकांचा चेहरा फक्त मला माहीत होता. शिवाय मास्तरांना आवाज नव्हता. स्टँडवर जामखेडच्या गाडीचं इंजिन सुरू होतं आणि कंडक्टर दारात उभा होता. मी गाडीच्या कडेनं प्रत्येक खिडकीत बघत ओरडत सुटले, ‘कौसाबाई! खर्ड्याच्या कौसाबाई!’ कुणी ओ दिली नाही. मागून तिसऱ्या खिडकीत मला हिरवं गाठोडं दिसलं. म्हातारी पदर पुढे ओढून पलीकडं बघत होती. गलक्यात तिला ऐकू गेलं नसेल, असं मला वाटलं. सुनेनं मात्र मान वळवली.

मास्तर गाडीत चढले. कंडक्टर म्हणाला, ‘टायम झालाय, बसायचं तर बसा.’ मास्तर म्हातारीसमोर उभे राहिले आणि त्या बसक्या आवाजात म्हणाले, ‘आजी, ह्या गाडीनं जायचं नाही.’

त्यांच्या तोंडून असं सरळ ‘नाही’ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. का जायचं नाही ते त्यांनी पुढे सांगितलं, लाल शाईतली ओळ मराठीत वाचून दाखवली, पण मला वाटतं म्हातारी उठली ती त्याआधीच. आम्ही टांगा केला. कौसा माझ्या शेजारी बसली होती आणि टांग्याला गचका बसला की माझं मनगट आवळून धरत होती. ‘कंबर सकाळधरनं दुकती,’ ती म्हणाली. मला रडू येत होतं आणि मी ते दाबत होते.

दिवेलागणीच्या आत ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. डॉक्टरबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘जुना टाका इतका पातळ झाला होता की आतलं बाळ दिसत होतं. त्या गाडीत वाटेत काय झालं असतं, याचा मला विचारही करायचा नाही.’ आणि मला म्हणाल्या, ‘शाबास हं.’ मी खाली मान घालून उभी राहिले. आयुष्यात शाबासकीची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी मी मास्तरांना सांगून टाकलं. ‘तुम्ही रजेवर होता तेव्हा चिमटा मी काढला होता.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘सखाराम कागद ठेवल्याचा दिवस सांगतात. त्या दिवशी मी नव्हतो.’

‘मग कालच बोलला का नाहीत?’

‘कसं झालं ते मला कळलं होतं. का झालं ते तुम्हालाच माहीत. ते सांगा.’

मी सांगितलं. रांग, तो करडा गृहस्थ, गजांवरचा हात, सगळं. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. मास्तर नुसते ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, रांगेत किती माणसं होती, सखारामला आत किती वेळ लागला. सगळं ऐकून म्हणाले, ‘मग चिमटा चूक आहे. गर्दीत काढावासा वाटणारच. मी असतो तर मीही कधीतरी काढला असता.’ ते असते तर त्यांनी काढला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माणसाला दोष देण्यापेक्षा पद्धतीतली खोट शोधणं त्यांना जास्त आवडायचं, आणि मला वाचवायचं म्हणून ते हे बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्यांनी खोडरबर मागवलं. आम्ही तिघं तीन दिवस वही घेऊन बसलो. प्रत्येक फुलीचा कागद फळीवर शोधला. सात कागद जागेवर निघाले. सातही फुल्या माझ्या. मग मास्तरांनी उरलेल्यासुद्धा सगळ्या फुल्या पुसल्या, खऱ्या होत्या त्यासुद्धा, आणि नवा नियम सांगितला, ‘ “आहे” खुशाल लिहून ठेवा. ते चुकलं तर फळीपर्यंत जाल आणि तुमचं तुम्हालाच कळेल. “नाही” लिहायचं नाही. ते दर वेळी पायांनी मिळवायचं.’

त्या नियमावर मी पुढे एकतीस वर्षं काम केलं, त्यातली शेवटची अठरा खात्याची मुख्य म्हणून. रांग थोडी लांबली. वरून दोन-तीन साहेब आले, त्यांनी वेळ वाचवायच्या युक्त्या सांगितल्या. मी त्यांना चपला काढून आत जायला लावलं. माझ्या खिडकीवरून त्यानंतर कुणाला खोटं ‘नाही’ गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. पाय मात्र गुडघ्यातून गेले. मास्तर निवृत्त होऊन राहात्याला गेले, तिकडेच वारले. मला कळलं तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते. मी त्या दिवशी काम केलं नाही, बसून राहिले.

पण मला सांगायचंय ते कौसाच्या सासूचं. टाके निघाल्यावर त्या घरी निघाल्या तेव्हा म्हातारी खिडकीवर आली. बाळ तिच्या हातात, कौसा मागं बाकावर टेकलेली. म्हातारी मास्तरांना म्हणाली, ‘ह्यो कागद आमाला द्या. घरी पत्र्याच्या पेटीत ठिवते. हितं ठिवला तर ह्या न्हाई म्हनत्यात.’

कागद बाहेर द्यायची परवानगी नव्हती, आणि तसं म्हणायला माझं तोंड उघडत नव्हतं. मास्तर उठले. दार उघडून त्यांनी म्हातारीला आत बोलावलं. बाहेरच्या कुणालाही त्या खोलीत पाऊल टाकू दिलेलं मी बघितलं नव्हतं. म्हातारीनं बाळ माझ्या हातात दिलं, वहाणा काढल्या आणि आत गेली. मी दारातून बघत होते. मास्तरांनी गठ्ठा सोडला, कागद तिच्या हातात दिला आणि तिलाच आत ठेवायला लावला. मग गाठसुद्धा तिच्याकडूनच मारून घेतली. म्हातारीनं बोटांवर मोजलं. ‘दारापासनं पाचवी मांडणी. खालनं तिसरी फळी.’ दोनदा म्हणाली आणि बाहेर आली.

बाळ माझ्या हातावर झोपलं होतं. ते घ्यायला तिनं हात पुढे केले, पण लगेच घेतलं नाही. म्हणाली, ‘पोरी, येक सांगू? तू न्हाई म्हनलीस ना, तवा मला लई बरं वाटलं. म्हनलं, कागद न्हाई तर आता चिरत न्हाईत हिला. सुटलो. तू गाडीपाशी हाका मारत हुतीस, त्या मला ऐकू येत हुत्या.’

मी बाळ तिच्यापुढे धरून उभी होते.

‘आमाला भ्या वाटतं, म्हनून आमी न्हाई ऐकायलाच येतो,’ ती म्हणाली. ‘तू इतक्या झटदिशी दिऊ नगंस.’

मग तिनं बाळ घेतलं, पदराखाली झाकलं, आणि सुनेला हात देऊन उठवायला गेली.